आंबाडीच्या भाजीवरची सही

वसंतरावांचा फोन आला तेव्हा मी सह्या करत होतो. सकाळचा राउंड आटोपला होता, सिस्टरने घरी जाणाऱ्या पेशंटच्या फायली टेबलावर रचून ठेवल्या होत्या आणि मी फोन खांद्यात धरून पानं उलटत होतो. "डॉक्टरसाहेब, सुलभा गेली जी," ते म्हणाले. मी "कधी?" असं विचारलं. "आत्ताच. पोरगी म्हन्ते इकडंच करू, पन मी उंद्रीले घेऊन येऊन राह्यलो." मी "या, मी पोचतो" म्हणालो, फोन ठेवला आणि उरलेल्या तीन फायलींवरही सह्या करून टाकल्या. मग कुठे हात थांबला... हे मी मुद्दाम सुरुवातीलाच सांगतो आहे. गेलेल्या माणसावर लिहायला बसलं की लिहिणारा स्वतःलाही हळूच चांगल्या जागी बसवून घेतो. मला ती सोय नको आहे. सुलभाबाई वानखेडेंना जाऊन आता दोन महिने होतील. त्यांच्या जाण्याला मी कारणीभूत आहे असं अजून कोणी म्हणालेलं नाही. ते म्हणण्यासाठीच हा लेख आहे. बाकी त्यांच्या आठवणी आहेत, आणि त्या चांगल्या आहेत.

बुलढाण्यातल्या आमच्या रुग्णालयात वरच्या मजल्यावर जिन्याला लागून एक खोली आहे, तीच आमची लॅब. सुलभाबाई तिथे एकोणीस वर्षं काम करत होत्या. उंद्रीच्या शेतकरी घरातली मुलगी, नवरा वसंतराव कॉलेजच्या ऑफिसात कारकून, एक मुलगी लग्न होऊन बाहेर. उंची बेताची, आवाज मात्र बाजारच्या दिवशीसुद्धा ऐकू येईल असा. अंबाड्यात कायम एक लाल पेन खोचलेलं असायचं. कोणी तिकडे पाहिलं की म्हणायच्या, "गजरा सुकते, हे सुकत नाई." वॉर्डातले लोक त्यांना 'लघवीवाल्या बाई' म्हणत. हे नाव मीच पाडलं होतं. त्यांच्या तोंडावर कधी वापरलं नाही, पण त्यांना माहीत नव्हतं असं थोडंच आहे!

नाव पडायला कारण होतं. लघवीच्या संसर्गाचे पेशंट आमच्याकडे बारा महिने येतात. थंडी वाजून ताप, कंबरेत दुखणं, म्हातारी माणसं, मधुमेहाच्या बायका. पहिल्या दिवशी जंतू कोणता ते कळत नाही, आणि पेशंट तर तापाने फणफणलेला असतो. म्हणून दिसेल त्या जंतूला झोडपणारं मोठं इंजेक्शन लावतात. त्यात चूक काही नाही. पण ते लावण्याआधी लघवीचा नमुना वर पाठवायचा. सुलभाबाई तो काचेच्या बशीत पेरायच्या, उबेच्या पेटीत ठेवायच्या आणि तिसऱ्या दिवशी कल्चरचा कागद यायचा... जंतू अमुक, तो या या औषधांनी मरतो, त्या त्या औषधांना दाद देत नाही. बहुतेक वेळा जुनं, साधं औषध पुरेसं असतं. तेव्हा मोठं बंद करायचं आणि ते साधं सुरू करायचं. एवढंच शास्त्र आहे, आणि तेवढंच कोणी करत नाही. कारण तिसऱ्या दिवशी ताप उतरलेला असतो, नातेवाईक खूश असतात, डॉक्टर स्वतःवर खूश असतो, आणि कागद फाइलच्या मागच्या बाजूला टाचलेला असतो. सुलभाबाई त्या कागदावर चालणाऱ्या औषधांतलं सगळ्यात साधं औषध लाल पेनाने अधोरेखित करायच्या आणि सकाळी अकरा वाजता माझ्या टेबलावरचा फोन वाजायचा. "डॉक्टरसाहेब, चार नंबरची बाई. रिपोर्ट आला. लहान करा."

लहान करा! एकोणीस वर्षं हे दोन शब्द मी ऐकले आणि एकोणीस वर्षं मला त्यांचा राग आला. एकदा मी चिडून म्हणालो, "बाई, पेशंट बरा होतोय ना? मग चालत्या गाडीला खीळ कशाला घालता?" त्यावर त्यांनी मला जिन्यातच अडवून समजावलं होतं. "चोर कोन हाय ते पयल्या दिवशी माहीत नसते, म्हून तुमी सारं गाव कोंडलं, ठीक हाय. तिसऱ्या दिवशी चोराचं नाव-गाव तुमच्या हातात येते. तरी गाव कोंडेलच काऊन? त्या गावात चांगली मानसंबी राह्यतेत ना जी. ते मेले का मंग गुंडायचंच राज्य." पोटातल्या चांगल्या जंतूंबद्दल बोलत होत्या त्या. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं, परीक्षेत लिहून मी त्याचे गुणही मिळवले होते. मी म्हणालो, "तुम्ही बशा सांभाळा."

मग साखरखेर्ड्याचे ते बडे शेतकरी आले. सत्तरी उलटलेली, लघवीला नळी घातलेली, त्यातून ताप. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, फोन आला, आणि त्या दिवशी माझा मूड बरा असल्यामुळे मी खरंच लहान केलं. त्यांच्या दोन मुलांना ते कळलं. थोरला माझ्या केबिनमध्ये येऊन उभाच राहिला. "आमच्या बाबाले लहान औषध काऊन देल्लं? आमी का असे-तसे लोक हाओ का?" आमच्याकडे औषधाचीही पत बघतात. मोठ्या माणसाला मोठं इंजेक्शन, नाहीतर गावात नाक कापलं जातं. मी त्या मुलाला दोन शब्द सुनावायला हवे होते. त्याऐवजी मी सुलभाबाईंना खाली बोलावलं आणि त्या दोघांसमोर, सिस्टरसमोर, म्हणालो, "औषध कोणतं द्यायचं हे ठरवायला इथे मी आहे. तुम्ही कोण?" त्या शांतपणे म्हणाल्या, "बरोबर हाय. रिपोर्ट देनं माहं काम, औषध देनं तुमचं." आणि जिना चढून गेल्या. या वाक्याचा मला पुढे किती उपयोग होणार आहे हे त्या दिवशी कळलं नाही. मोठं इंजेक्शन परत सुरू झालं, दहा दिवस चाललं, म्हातारेबुवा खडखडीत बरे झाले, मुलांनी पेढे वाटले. मोठ्या औषधाची हीच तर गंमत आहे... बहुतेक वेळा काहीच होत नाही. म्हणून डॉक्टर शहाणा होत नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फोन वाजलाच. राग धरून ठेवणं त्यांना जमायचं नाही. मला जमतं.

आता आंबाडीच्या भाजीचं सांगतो. आमच्याकडे पद्धत अशी, की राउंडच्या वेळी सिस्टर फाइल उघडून धरते, नवे कागद एकेक करून पुढे करते आणि डॉक्टर प्रत्येकावर 'पाहिलं' लिहून खाली सही करतो. लिहायचं 'पाहिलं', पण पाहायचं पेशंटच्या तोंडाकडे, नाहीतर घड्याळाकडे. माझा हात तर इतका तयार झाला आहे की लग्नाच्या पत्रिकेवरही 'पाहिलं' लिहिलेलं आहे. सुलभाबाई म्हणायच्या, "तुमची सही आंधळी हाय डॉक्टरसाहेब." एकदा त्यांनी छापील फॉर्मवर एक रिपोर्ट तयार केला आणि फायलींमध्ये घुसवला. नमुना : लघवी. वाढलेला जंतू : आंबाडीची भाजी. कशाने मरतो : ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा. कशाला दाद देत नाही : डॉक्टर. मी त्यावर 'पाहिलं' लिहून झोकदार सही केली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तो कागद सगळ्या स्टाफला वाचून दाखवला. सिस्टर हसून हसून बाकावर बसल्या. मी चार दिवस बोललो नाही. त्यांनी तो कागद लॅबमधल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून डिंकाने चिकटवून टाकला, आणि मी वर गेलो की काहीतरी काढायचं निमित्त करून कपाट उघडायच्या. पुढे पुढे मलाही हसू यायला लागलं. आमच्यात मैत्री म्हणावी असं जे काही होतं, ते त्या कागदापासून सुरू झालं असं मी आज म्हणू शकतो. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीला वाढायला उभा होतो, आणि माझी आई गेली तेव्हा पहिला डबा सुलभाबाईंच्या घरून आला होता.

गेल्या वर्षाच्या शेवटी त्या आजारी पडल्या. साखर होतीच, त्यात थंडी वाजून ताप, पाठीत कळ. वसंतराव रिक्षातून घेऊन आले. व्हीलचेअरवर बसलेल्या बाईने सिस्टरला पहिलं काय सांगितलं असेल? "पयले लघवी घ्या, मंग सुई लावा." नमुना वर गेला, आणि मी मोठं इंजेक्शन लावलं. मेरोपेनेम त्याचं नाव. त्यांनी मान डोलावली. "आज बरोबर हाय," म्हणाल्या. 'आज' वर जोर होता, तो मी ऐकला आणि सोडून दिला. बाहेर वसंतराव हात जोडून उभे. "डॉक्टरसाहेब, सगळ्यात मोठं देऊन राह्यले ना?" मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आपलं माणूस आहे वसंतराव. कमी कसं करीन?" ते मनापासून होतं. एकोणीस वर्षं त्या बाईंनी मला कमी करायला सांगितलं आणि मी माझं प्रेम दाखवलं ते कमी न करून. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो मोती मीच हौसेने घातला.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी मी राउंडला गेलो तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या, अंबाड्यात पेनही आलं होतं. "डॉक्टरसाहेब, माहा रिपोर्ट पाह्यला?" मी म्हणालो, "पाहिला." मी पाहिला नव्हता. आला आहे की नाही, हेही मला माहीत नव्हतं. पण 'पाहिलं' हा शब्द माझ्या हातातून जसा निघतो तसा तोंडातूनही निघतो. "मंग?" त्यांनी विचारलं. "मंग काय? इंजेक्शन चालू राहील. आता तुम्ही पेशंट आहात, गप पडा." सिस्टर हसल्या, मीही हसलो. सुलभाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमाले काई दिसलं असन. तवाच चालू ठेवलं." आणि खरंच गप पडल्या... माझ्या सहीवर एकोणीस वर्षांत एकदाही विश्वास न ठेवलेल्या त्या बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला तो त्या दिवशी. खाटेवर आडवं झालं की माणूस डॉक्टरवर विश्वास ठेवतो. त्याला दुसरं करता तरी काय येतं?

आठव्या दिवशी जुलाब सुरू झाले. मी म्हणालो, हवा बदलली, पोट बिघडलं. नवव्या दिवशी त्या उठून बसेनात. मी म्हणालो, संसर्ग पसरतोय, आणि मेरोपेनेमच्या जोडीला आणखी एक इंजेक्शन लावलं. गाव तर कोंडलेलं होतंच, मी आता विहिरीतही विष टाकलं. पोटातले चांगले जंतू मेले होते आणि त्यांच्या जागी एकच उरला होता, मोठ्या औषधांना न मरणारा, आतड्याची साल काढणारा. सुलभाबाईंनी जिन्यात उभं राहून ज्याला गुंडांचं राज्य म्हटलं होतं ते हेच. माझ्या डोक्यात आलं नाही. अकराव्या दिवशी मी त्यांना मोठ्या शहरात पाठवलं. गाडीत चढवताना त्यांचा हात माझ्या हातात होता, कातडी वाळल्या पानासारखी. त्या काहीतरी म्हणाल्या, मला ऐकू आलं नाही, मी "हो हो" म्हणालो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी निदान केलं आणि मला फोन केला. आवाज तरुण होता, अतिशय नम्र होता. "सर, मेरोपेनेम अकरा दिवस चालू होतं. कल्चरमध्ये काय आलं होतं?" मी म्हणालो, "कल्चर आलंच नाही. आमच्या लॅबच्या बाई त्याच, त्या आजारी, मग काम सगळं विस्कळीत..." म्हणजे रिपोर्ट नाही, याचाही दोष मी पेशंटच्या पदरात टाकला. मला ते तेव्हा खरं वाटत होतं, हे मी बचाव म्हणून सांगत नाही. तिथे नेल्यापासून पाचव्या दिवशी वसंतरावांचा तो फोन आला.

उंद्रीला मी अंत्यविधीला गेलो. वसंतरावांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि गावातल्या माणसांना सांगितलं, "डॉक्टरसाहेबायनं काईच कमी नाई केलं. सगळ्यात मोठं औषध देल्लं." चार माणसांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मी मान खाली घातली, ती लोकांना दुःखाने घातल्यासारखी वाटली.

तीन आठवड्यांनी रूपाली माझ्या केबिनमध्ये आली. रूपाली म्हणजे सुलभाबाईंच्या हाताखाली सहा वर्षं काम केलेली टेक्निशियन, आता लॅब तीच बघते. "सर, कपाट साफ करून राह्यली. ताईचा तो भाजीवाला कागद काढू का राहू देऊ?" मी म्हणालो, राहू दे. ती जाईना. दारातच उभी राहिली आणि ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "सर, एक इचारू? ताईचा रिपोर्ट साधा होता. सगळ्याच औषधानं मरनारा जंतू होता. मंग तुमी मोठंच काऊन चालू ठेवलं?" मी म्हणालो, "रिपोर्ट आलाच कुठे होता?" ती म्हणाली, "म्या तिसऱ्या दिवशीच देल्ला, सर. आधी ताईले दाखवला. त्यायनं सोताच्या हातानं लाल रेघ मारली अन् म्हनाल्या, फाइलले लाव, साहेब पाहतीन." मग तू फोन का नाही केलास, असं मी ओरडलो. खरंच ओरडलो. ती म्हणाली, "ताई करत होत्या फोन. मले तुमचं भेव वाटे. अन् मले वाटलं, ताई तर वार्डातच हाय, त्याच सांगतीन." ताईंना वाटलं साहेबांनी पाहिलं. साहेबांना काहीच वाटलं नाही.

मी स्वतः रेकॉर्डच्या खोलीत गेलो. फाइल सापडायला वेळ लागला नाही. मागच्या बाजूला, नेहमीच्या जागी, रिपोर्ट टाचलेला होता. जंतू साधा. एक जुनी, साधी गोळी लाल पेनाने अधोरेखित केलेली, रेघ जरा थरथरलेली. रेघेपुढे त्यांच्या अक्षरात दोन शब्द : लहान करा. आणि त्याखाली माझ्या अक्षरात, निळ्या शाईत : पाहिलं. त्याखाली झोकदार सही.

मी तो कागद खिशात घालून त्याच संध्याकाळी वसंतरावांकडे गेलो. सांगायलाच गेलो होतो. त्यांनी चहा केला, साखर जास्त झाली म्हणून ओशाळले, म्हणाले आजवर कधी केला नव्हता. मग आतून एक पुरचुंडी आणली. दवाखान्यातून परत दिलेलं सामान होतं ते... बांगड्या, चष्मा आणि लाल पेन. पेन माझ्यापुढे धरून म्हणाले, "हे तुमी ठेवा. तिचा तुमच्यावर लई भरोसा होता. शेवटीबी म्हने, साहेबाले काई दिसलं असन." मी पेन घेतलं. कागद खिशातच राहिला. चहा संपवून, त्यांच्या खांद्यावर थोपटून मी घरी आलो. माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ भ्याड गोष्टी झाल्या आहेत, पण तो चहा मी कसा प्यालो हे मला अजून समजत नाही. वसंतराव, तुम्ही रविवारची पुरवणी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचता, हे मला माहीत आहे. हे तुमच्यासमोर बसून सांगायला हवं होतं. सुलभाबाई एका साध्या गोळीने बऱ्या होऊन घरी आल्या असत्या. त्यांनी स्वतः ते लिहून दिलं होतं. मला काहीही दिसलं नव्हतं.

लॅबमधल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून आता दोन कागद आहेत. दुसरा, माझ्या खिशातला, मी लावला. डिंक रूपालीने काढून दिला. ती अलीकडे माझ्याशी कामापुरतंच बोलते. तिने एक नवी पद्धत पाडली आहे आणि मला विचारलेलं नाही. कल्चरचा कागद ती आता खाली पाठवतच नाही. अकरा वाजता फोन वाजतो, "सर, रिपोर्ट आला. वर या," आणि ती फोन ठेवते. काल तेरा नंबरच्या म्हाताऱ्या बाईंचा होता. मी जिना चढून गेलो, धाप लागली. रूपालीने कपाट उघडं ठेवलेलं होतं, रोज ठेवते. मला बसायला सांगितलं नाही. कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वाचा, सर. मोठ्यानं." मी पेशंटचं नाव वाचलं, जंतूचं नाव वाचलं, मरतो कशाने, मरत नाही कशाने, ओळ न् ओळ वाचली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग स्वतःच्या अंबाड्यात खोचलेलं तसंच लाल पेन काढून सहीसाठी माझ्यापुढे धरलं.